‘आय कॅन हार्डली वर्क’ आणि अशाच बाकीच्या भानगडी

यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये ‘कॅन’चाच बाजार दिसतोय. म्हणजे नुसतं ‘कॅन’ सगळ्यांना येतं हो, पण त्याच्या आसपास हार्डली, रिअली, ईझिली, ओन्ली असलं काही आलं की गाडी अडते. त्याचं कारणही सरळ आहे, मराठीत क्रियापद शेवटाला पक्कं बसलेलं असतं, त्याच्या आधी सहज, नीट, कसंबसं, मुळीच काहीही घाला आणि थोडं इकडेतिकडे सरकवा, अर्थ फारसा हलत नाही. इंग्लिशमध्ये मात्र तोच शब्द ‘कॅन’च्या आधी की नंतर की पार शेवटी, यावर कधीकधी अख्खा अर्थ फिरतो. तर पत्रं घेऊया. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

ताई, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. बायोडेटाबरोबरच्या लेटरमध्ये ‘आय कॅन हार्डली वर्क अंडर प्रेशर’ असं लिहिलं होतं. इंटरव्ह्यूला साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि शेजारच्याकडे बघून हसले. मला म्हणायचं होतं की प्रेशर असलं तरी मी कष्टाने काम करतो. चुकलं काय? (सातारा)

अरे बाबा, तू त्यांना लिहून दिलंस की प्रेशर आलं की माझ्याच्याने काम होतच नाही जवळजवळ. ते हसले हे चांगलंच झालं म्हणायचं, दुसऱ्या कोणी कागद बाजूला ठेवला असता.

तुझा हिशोब मला कळतो. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग हार्डचं हार्डली. शाळेत आपल्याला असंच शिकवतात, ‘एलवाय’ लावा आणि मोकळे व्हा. पण हार्ड हा शब्द आहे तसाच चालतो, ‘ही वर्क्स हार्ड’. फास्टचंही तसंच, ‘फास्टली’ असा शब्दच नाही (आणि तरी आपल्याकडे रोज ऐकू येतो). लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. आणि हार्डली म्हणजे जेमतेम, नाहीच म्हणा ना. फार जुन्या इंग्लिशमध्ये हार्डलीचा अर्थ कडकपणे, कठोरपणे असाही व्हायचा, पण तो आता गेला, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

तुझं वाक्य असं हवं होतं: ‘आय कॅन वर्क हार्ड, ईव्हन अंडर प्रेशर.’ हार्ड क्रियापदाच्या नंतर. हार्डली असेल तर कॅनच्या लगेच नंतर, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’, म्हणजे तुझं मला काही धड ऐकूच येत नाहीये.

आता हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. हार्डलीच्या पोटातच ‘नॉट’ आहे. म्हणून ‘आय कान्ट हार्डली’ लिहायचं नाही, दोनदा नकार होतो. अमेरिकेत बोलताना काही लोक म्हणतात तसं, ते त्यांच्या गावच्या बोलण्यात चालतं, तुझ्या लेटरमध्ये नाही. आणि नकार आतच असल्यामुळे पुढे समथिंग येत नाही, एनीथिंग येतं: ‘आय कॅन हार्डली सी एनीथिंग.’ क्वेश्चन टॅगसुद्धा उलटा होतो बघ. ‘यू कॅन स्विम, कान्ट यू?’ पण ‘यू कॅन हार्डली स्विम, कॅन यू?’ परीक्षेत इथे पोरं हमखास मार्क घालवतात, कारण वाक्यात नॉट दिसत नाही ना कुठे.

बेअरली त्याचाच भाऊ, फक्त त्याचा कल ‘कसंबसं का होईना, झालं’ याच्याकडे असतो. ‘आय कुड बेअरली रीच द शेल्फ’ म्हणजे टाचा उंचावून बोटं टेकली एकदाची.

माझी नात टोरांटोत वाढलीये, सुट्टीत आली होती. तिने पिझ्झा करायला घेतला तेव्हा मी तिला म्हटलं, ‘आय कान्ट रिअली ईट चीज’, कारण मला खरंच अजिबात सोसत नाही. तरी तिने माझ्या पिझ्झावर थोडं घातलंच. विचारलं तर म्हणते, आजी, तू तर ‘कान्ट रिअली’ म्हणालीस! यात माझं काय चुकलं? (डोंबिवली)

काकू, नातीची बाजू घेतेय म्हणून रागावू नका, पण तिने ऐकलं ते बरोबरच ऐकलं.

तुम्ही म्हणालात ‘आय कान्ट रिअली ईट चीज’. इथे आधी ‘कान्ट’ आहे आणि रिअली त्याच्या नंतर आलंय, म्हणजे नकार रिअलीवर बसला. अर्थ झाला ‘तसं फारसं नाही खात गं मी’. थोडं चालेल असं तिला वाटणारच. तुम्हाला हवं होतं ‘आय रिअली कान्ट ईट चीज’. इथे रिअली आधी आलं आणि त्याने अख्ख्या नकारालाच जोर दिला, खरंच नाही खाऊ शकत, नको घालूस.

हे एकदा डोक्यात बसलं की बरीच वाक्यं आपोआप सुटतात. जो शब्द आधी येतो त्याची पकड नंतरच्यावर. जस्ट घ्या. घरी पाहुणे बसलेत आणि तुम्हाला निघायचंय पण बरं दिसत नाही, तेव्हा ‘आय कान्ट जस्ट लीव्ह’, असं नुसतं उठून कसं जाऊ. आणि ‘आय जस्ट कान्ट लीव्ह’ म्हणजे पाय निघतच नाही, किंवा काही केल्या निघताच येत नाहीये. शब्द तेच, एकाची जागा बदलली. सिंप्लीचंही हेच. ‘यू कान्ट सिंप्ली रिफ्यूज’, नुसतं नाही म्हणून चालणार नाही, कारण द्यावं लागेल. ‘आय सिंप्ली कान्ट रिफ्यूज’, मला नाही म्हणताच येत नाही (हे वाक्य आपल्यातल्या निम्म्या बायकांनी फ्रिजवर लावून ठेवावं असं आहे).

प्रॉबब्लीला मात्र हा पर्याय नाही. नकार असेल तर ते आधीच येतं: ‘आय प्रॉबब्ली कान्ट कम.’ ‘कान्ट प्रॉबब्ली’ म्हणत नाहीत. नकार नसेल तर कॅनच्या नंतर, ‘आय कॅन प्रॉबब्ली कम.’ पॉसिबलीचं बरोब्बर उलटं, ते कान्टच्या नंतरच शोभतं: ‘आय कान्ट पॉसिबली ईट ऑल धिस’, म्हणजे एवढं सगळं मला संपणं शक्यच नाही. तुमच्या पुढ्यात नातीने अख्खा पिझ्झा ठेवला तर हे वापरा.

आणि स्टिल. ‘आय कॅन स्टिल क्लाइंब द स्टेअर्स’, मी अजूनही जिने चढू शकते. ‘आय स्टिल कान्ट क्लाइंब द स्टेअर्स’, अजून मला जिने चढता येत नाहीत. आता नकारात हेच उलटून ‘यू कान्ट स्टिल बी हंग्री’ केलंत तर ती क्षमतेची गोष्टच राहत नाही, ‘एवढं खाऊन अजून भूक कशी असेल तुला’ असा अर्थ होतो.

मॅडम, मी बारावीला आहे. ‘शी कॅन फ्लुएंटली स्पीक इंग्लिश’, ‘शी कॅन स्पीक फ्लुएंटली इंग्लिश’ आणि ‘शी कॅन स्पीक इंग्लिश फ्लुएंटली’ यातलं बरोबर कुठलं? क्लासचे सर पहिलं म्हणतात, शाळेच्या मॅडम तिसरं. (लातूर)

तुझ्या मॅडमना मार्क जास्त. तिसरं सगळ्यात सहज. पहिलं चूक म्हणता येणार नाही, पण जरा अवघडलेलं वाटतं. दुसरं मात्र चूकच, कारण स्पीक आणि इंग्लिश यांच्यामध्ये तू फ्लुएंटली घुसवलंस. इंग्लिशमध्ये क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये कोणी आलेलं चालत नाही. ‘आय कॅन प्ले वेल कॅरम’ नाही, ‘आय कॅन प्ले कॅरम वेल’. आपण मराठीत ‘ती अस्खलित इंग्लिश बोलते’ म्हणतो ना, तोच क्रम डोक्यात असतो म्हणून हात तिकडे जातो.

मग पहिलं वाक्य क्लासच्या सरांना बरोबर का वाटलं, तर ईझिली, क्विकली यांच्यामुळे. हे शब्द कॅनच्या नंतर मस्त बसतात: ‘यू कॅन ईझिली फिनिश इट बाय संडे.’ आणि कर्म लांबलचक असेल तर मधलीच जागा बरी, ‘शी कॅन क्विकली सॉल्व्ह ऑल द सम्स इन द लास्ट चॅप्टर’. इथे क्विकली पार शेवटी टाकलंस तर वाचणारा तिथे पोचेपर्यंत ते कशाबद्दल होतं हेच विसरेल. पण वेल, फास्ट, हार्ड हे असे ‘कसं केलं’ सांगणारे छोटे शब्द मध्ये येत नाहीत, ‘शी कॅन वेल सिंग’ म्हणायचं नाही. ‘आय कॅन वेल इमॅजिन’ असं ऐकशील कधी, ते ठराविक बोलणं आहे, मी चांगलंच समजू शकतो अशा अर्थाचं. आणि ‘इट कुड वेल रेन टुडे’ यात वेलचा चांगल्याशी संबंधच नाही, पाऊस येण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे एवढंच.

नेव्हर, ऑल्वेज, ऑल्सो, ओन्ली यांना मात्र कॅनच्या नंतरची जागा जवळजवळ राखीव. ‘आय कॅन नेव्हर रिमेंबर हिज नेम.’ ‘शी कॅन ऑल्सो ड्राइव्ह.’ आणि ‘नॉट ओन्ली’ लिहिशील तेव्हा कॅन आणि नॉट वेगवेगळे लिही: ‘शी कॅन नॉट ओन्ली सिंग बट ऑल्सो डान्स.’ एरवी कॅनॉट एकत्र लिहितात, पण इथे नॉट हा ओन्लीचा सोबती आहे, कॅनचा नाही, एकत्र लिहिलंस तर वाचणारा आधी समजेल की तिला गाता येत नाही.

तात्काळमध्ये तिकीट काढताना फार मारामारी होते. शेवटी मिळालं तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, ‘फायनली आय कुड गेट द तिकीट’. आमचे बॉस बाहेर शिकून आलेत, त्यांनी विचारलं, मिळालं की मिळेल? आता कॅनचं पास्ट कुडच ना? (नागपूर)

कॅनचा भूतकाळ कुड, बरोबर. पण सगळीकडे नाही, आणि हीच जागा आहे जिथे भले भले अडकतात.

कुड हे ‘तेव्हा येत होतं, जमायचं’ अशा सरसकट क्षमतेसाठी. ‘माय ग्रँडफादर कुड ईझिली वॉक टेन किलोमीटर्स’, आजोबा सहज १० किलोमीटर चालायचे. पण एखादी गोष्ट एका वेळेला, त्या दिवशी, प्रत्यक्ष जमली असं सांगायचं तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. एसीचं तात्काळ सकाळी १० ला उघडतं, स्लीपरचं ११ ला, तुम्ही ओटीपी टाकून, पेमेंट अडकवून, पुन्हा लॉगिन करून ते मिळवलंत, तर ‘आय वॉज फायनली एबल टू गेट द तिकीट’. नाहीतर ‘आय फायनली मॅनेज्ड टू गेट इट’, यात घाम गाळल्याचाही वास येतो. नुसतं ‘आय कुड गेट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ते ‘मिळू शकेल’ असं वाटतं, तुमच्या साहेबांना वाटलं तसं.

नकारात हा प्रश्न येत नाही. ‘आय कुडन्ट गेट द तिकीट’ एकदम बरोबर, एका वेळच्या गोष्टीलाही. आता गंमत अशी की हार्डली, ओन्ली, बेअरली हे नकाराच्या जवळचे शब्द आले की तिथेही कुडला परवानगी मिळते. चार जणांचं काढायचं होतं आणि दोनच मिळाली तर ‘आय कुड ओन्ली गेट टू तिकीट्स’ अगदी व्यवस्थित इंग्लिश आहे. साइट हँग झाली होती, ‘आय कुड हार्डली ओपन द पेज’, हेही चालतं. म्हणजे तुमच्या वाक्यात फायनलीच्या जागी ओन्ली असतं तर साहेबांनी काही विचारलं नसतं. दिसणं, ऐकू येणं, वास येणं यांनाही सूट आहे, ‘आय कुड क्लिअरली हिअर द अनाउन्समेंट’ हे त्या एका क्षणाचं असलं तरी बरोबर.

आणि एक, ‘यू कुड ईझिली हॅव कॉल्ड मी’. यात ईझिली आहे म्हणून कौतुक समजू नका. सहज फोन करता आला असता तुला, केला नाहीस. टोमणा आहे तो.

मी पुण्यात कॉल सेंटरला आहे, अमेरिकेचे कस्टमर. मी ‘वी कॅन रिफंड इट’ म्हणतो आणि समोरचा चिडतो, ‘व्हाय कान्ट यू?’ असं दिवसातून कितीदा तरी होतं. उच्चाराचा प्रॉब्लेम की ग्रामरचा? (पुणे)

उच्चाराचा, पण औषध थोडं ग्रामरमध्ये सापडतं.

आपण शाळेपासून प्रत्येक शब्द ठासून म्हणतो, ‘वी कॅन रिफंड इट’, कॅनवर पूर्ण वजन. त्यांच्याकडे वाक्याच्या मधला कॅन अगदी हलका, ‘कन’ किंवा ‘क्न’ एवढाच, वजन सगळं पुढच्या क्रियापदावर. वजनदार ‘कॅन’ ते फक्त कान्टमध्ये ऐकतात, कारण अमेरिकन लोक कान्टला ‘कॅन्ट’ म्हणतात आणि शेवटचा ट गिळतात. ब्रिटिश लोक लांब ‘कान्ट’ म्हणतात म्हणून त्यांच्याशी एवढा घोळ होत नाही. तर तुझा ठणठणीत ‘कॅन’ अमेरिकन कानाला ‘कॅन्ट’ वाटतो. ‘वी कन रिफंड इट’ असं म्हणून बघ, रिफंडच्या ‘फं’वर जोर देऊन.

आणि मध्ये एक शब्द टाक. ‘वी कन डेफिनेटली रिफंड इट.’ डेफिनेटली ऐकलं की संशयाला जागा राहत नाही, कारण नकारात तो शब्द कान्टच्या आधी येतो, ‘वी डेफिनेटली कान्ट’. म्हणजे क्रमावरूनच होकार कळतो. नकार द्यायचा तर कान्टवर विसंबूच नकोस, सरळ ‘अनफॉर्च्युनेटली, वी आर नॉट एबल टू’ म्हण.

फक्त छोट्या उत्तरात जागा बदलते. ‘कॅन यू चेक इट?’ याला ‘येस, आय सर्टनली कॅन.’ इथे पुढे क्रियापद उरलं नाही म्हणून सर्टनली कॅनच्या आधी गेलं आणि शेवटी आलेला कॅन पूर्ण ठासून म्हणायचा. ‘येस, आय कॅन सर्टनली’ एवढ्यावर थांबलास तर वाक्य लोंबकळत राहतं.

मी शिक्षक आहे. ‘रिमूव्ह टू’चा (दोन ‘ओ’वाला ‘टू’ काढून वाक्य ‘सो... दॅट’ने पुन्हा लिहायचा) प्रश्न मुलं पाठ करून सोडवतात, पण ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड हार्डली वॉक’ असं एकाने लिहिलं. मार्क द्यावा का? (जालना)

सर, मूळ वाक्य ‘ही वॉज टू टायर्ड टू वॉक’ असेल तर नाही देता येणार, पण त्या मुलाला शाबासकी जरूर द्या, कारण त्याने पाठ केलेलं नाही, विचार केलाय. टू टायर्ड टू वॉक म्हणजे इतका दमला की चालू शकलाच नाही. म्हणजे ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’. हार्डली टाकलं की तो चार पावलं तरी चालला, पाय ओढत का होईना.

या प्रश्नात मुलं खरी पडतात ती दोन ठिकाणी. एक, काळ. आधी ‘वॉज’ असून पुढे ‘कॅनॉट’ लिहितात. दुसरं, ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ याचं ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक’ करून थांबतात. शेवटी ‘इट’ हवं, ‘ड्रिंक इट’, कारण आता ते स्वतंत्र वाक्य झालं, काय पिऊ शकत नाही ते सांगायला नको का. मूळ वाक्यात चहा सुरुवातीलाच आलेला असतो म्हणून तिथे ‘इट’ लागत नाही.

आणि जमल्यास वर्गात हेही सांगा की टू म्हणजे व्हेरी नाही. ‘युअर डॉटर इज टू इंटेलिजंट’ असं पालकसभेत कौतुकाने म्हटलं जातं, त्याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त हुशार आहे, काहीतरी बिघडलंय असा. होकारी बाजूला एनफ आहे, पण तो विशेषणाच्या मागे चालतो, ‘टॉल एनफ टू रीच’. ‘एनफ टॉल’ नाही.

झटपट

‘आय कॅन एबल टू’ बरोबर का? (दोघांनी विचारलंय, बीड आणि पनवेल.) नाही. कॅन म्हणजेच एबल टू, दोन्ही एकत्र नकोत. ‘विल कॅन’ही नाही, ‘विल बी एबल टू’. मधला शब्द पहिल्या सहायक क्रियापदानंतर: ‘आय विल नेव्हर बी एबल टू’, ‘आय हॅव नेव्हर बीन एबल टू’. आणि ‘व्हेरी एबल’ म्हणजे कर्तबगार माणूस, ‘मला अगदी व्यवस्थित जमतं’ म्हणायचं तर ‘परफेक्टली एबल टू’.

‘आय कॅन कम टुमॉरो ओन्ली’ चूक का? भारतात सगळ्यांना कळतं, ‘उद्याच’ मधला आपला ‘च’ आहे तो, शेवटी चिकटलेला. बाहेरच्या माणसाला लिहायचं तर ‘आय कॅन ओन्ली कम टुमॉरो’. पण ‘ओन्ली आय कॅन कम टुमॉरो’ लिहू नका, त्याचा अर्थ उद्या फक्त मीच येऊ शकतो, बाकी कोणी नाही, आणि मग मीटिंगला खरंच तुम्ही एकटेच असाल.